ऑनलाइन चर्चासत्र ऐकताना शिफारशीइतकीच तिची अट लिहून घ्या : एका द्राक्ष बागायतदाराला उत्तर

तासगाव भागातील एका तरुण बागायतदाराने विचारले आहे की, गेल्या वर्षभरात त्यांनी द्राक्षावरची वीसेक ऑनलाइन चर्चासत्रे ऐकली, तीन वह्या भरल्या, तरी बागेच्या कामात काही फरक पडला नाही. उलट एका वक्त्याचे म्हणणे दुसऱ्याशी जुळत नसल्यामुळे गोंधळ वाढला. तेव्हा ही चर्चासत्रे ऐकणे सोडून द्यावे का, आणि ऐकायची असतील तर ती कशी ऐकावीत, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी निफाड तालुक्यात २७ वर्षे द्राक्षबाग करतो आणि आमच्या गटातील बागायतदारांच्या छाटणीपासून काढणीपर्यंतच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. २०२० च्या टाळेबंदीपूर्वी चर्चासत्र म्हटले की तालुक्याच्या गावचे मंगल कार्यालय, पुढच्या रांगेतली जुनी मंडळी आणि जेवणाच्या पंगतीत वक्त्याला गाठून विचारलेले प्रश्न, असे चित्र असे. टाळेबंदीत ते सगळे मोबाइलवर आले आणि बरेचसे तिथेच राहिले. या बदलाने आपल्याला मोठा लाभ झाला, कारण मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञाचे बोलणे आज आपण ओसरीवर बसून ऐकू शकतो. परंतु पंगतीतली ती दहा मिनिटे मात्र गेली. "साहेब, माझी जमीन मुरमाड आहे, मलाही हेच लागू पडेल का?" असे विचारण्याची ती जागा होती, आणि तुमच्या गोंधळाचे मूळ ती जागा नाहीशी होण्यात आहे, असे माझे मत आहे. म्हणून चर्चासत्रे सोडू नका. ऐकण्याची रीत बदला.

दोन वक्ते परस्परविरुद्ध बोलतात असे आपल्याला वाटते, तेव्हा बहुतेक वेळा दोघेही बरोबर असतात, पण वेगवेगळ्या परिस्थितीत. एप्रिल छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे डोळ्यांच्या आत पुढचे घड आकार घेतात, त्या काळात पाणी कमी करा, असे एक जण सांगतो. याच काळात वेलीला ताण पडू देऊ नका, असे दुसरा सांगतो. पहिल्याच्या डोळ्यांसमोर भारी काळी जमीन असते, जिथे पाणी जास्त झाले की फूट बेसुमार वाढते, कॅनॉपी (वेलीवरचा पानांचा पसारा) दाटते आणि डोळ्यापर्यंत ऊन पोहोचत नाही. दुसऱ्याच्या समोर हलकी जमीन असते, जिथे दोन दिवस ड्रीप बंद राहिले तरी शेंडे मान टाकतात. वाक्य लिहून घेताना आपण नेमका हा भाग गाळतो आणि फक्त 'पाणी कमी करा' एवढेच वहीत उतरते.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. २०२० च्या मे महिन्यात मी असेच एक ऑनलाइन चर्चासत्र ऐकले. फवारणीचे काम आटोपून बसायला मला पंधरा मिनिटे उशीर झाला होता. मी बसलो तेव्हा वक्ते घडनिर्मितीच्या काळातील पाणी व्यवस्थापनावर आले होते. पाणी कसे व किती कमी करायचे ते त्यांनी फार चांगले समजावले, मी ते अक्षरशः उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही प्लॉटपैकी वरच्या, मुरमाच्या प्लॉटवर अमलात आणले. त्या प्लॉटमध्ये दीड फुटाखाली मुरूम लागतो. आठ-दहा दिवसांत शेंडे थांबले, खालची पाने पिवळी होऊन गळू लागली, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर त्या प्लॉटमध्ये घडांची संख्या शेजारच्या प्लॉटच्या निम्म्याच्या आसपास भरली. पुढे रेकॉर्डिंग पाहिले तेव्हा कळले की वक्त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट सांगितले होते, की आजचे सर्व विवेचन भारी जमिनीतील बागांपुरते आहे. त्या वक्त्यांची काहीही चूक नव्हती. ती पाच मिनिटे मी ऐकली नव्हती, एवढेच. तेव्हापासून चर्चासत्राच्या आधी दहा मिनिटे बसायचे हा नियम मी एकदाही मोडलेला नाही, कारण सुरुवातीचे प्रास्ताविक आपल्याला औपचारिक वाटत असले तरी पुढच्या सगळ्या शिफारशींच्या अटी बहुधा तिथेच सांगितल्या जातात.

आता वही कशी लिहावी ते सांगतो, कारण तुमच्या तीन वह्यांचा उपयोग झाला नाही याचे कारण मला त्यांच्या मांडणीत दिसते. पानाच्या दोन उभ्या रेघा मारून तीन भाग करा. डाव्या भागात वक्त्याने काय करायला सांगितले ते लिहा. मधल्या भागात ते कोणत्या अटीवर सांगितले ते लिहा : वाण कोणता, खुंट (ज्या झाडावर कलम केले ते) कोणता, जमीन कशी, पाण्याची क्षारता किती, बागेचे वय किती, छाटणीनंतरचा कितवा दिवस, हवामान कसे, आणि माल कुठे जाणार आहे, निर्यातीला, स्थानिक बाजारात की बेदाण्याला. हा शेवटचा मुद्दा तुमच्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण बेदाण्यासाठी बाग धरणाऱ्याला मण्यातील साखर आणि उतारा (द्राक्षांपासून किती बेदाणा मिळतो) यांचे गणित बसवायचे असते, आणि मण्याचा आकार वाढवण्यावरचे निर्यातदारांसाठीचे तासभराचे विवेचन त्याने तसेच्या तसे अमलात आणले तर खर्च वाढेल आणि उद्देश बाजूला राहील. उजव्या भागात ही गोष्ट आपल्या बागेत कोणत्या दिवशी लागेल ते लिहा. मधला भाग रिकामा राहिला तर तिथे प्रश्नचिन्ह काढा. चर्चासत्राच्या शेवटी विचारायचे प्रश्न तुम्हाला आयते मिळतील. वक्ते अट सांगायची विसरतात, आणि अट विचारणारा श्रोता त्यांना आवडतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

उजव्या भागाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. बहुतेक जण नोंदी चर्चासत्राच्या तारखेनुसार ठेवतात. जुलैमध्ये डाऊनी (केवडा) या रोगावरचे चर्चासत्र ऐकले, ते जुलैच्या पानावर राहिले. ऑक्टोबर छाटणीनंतर पंधराव्या-सोळाव्या दिवशी, कोवळी फूट वर आलेली असताना आणि आभाळ भरून आलेले असताना ते पान कुणी उघडत नाही. आपली बाग तारखेवर चालत नाही, छाटणीपासूनच्या दिवसांवर चालते. म्हणून मी एक वेगळी जाड वही केली आहे, जिच्यात पानांना महिन्यांची नावे नसून अवस्थांची आहेत : एप्रिल छाटणी, सबकेन (शेंडा खुडून उपकाडी घेणे), घडनिर्मिती, काडीची पक्वता, मग ऑक्टोबर छाटणी, पेस्टिंग (डोळ्यांना औषध लावणे), पोंगा (डोळा फुगून फुटू लागणे), दोडा (फुलोऱ्याआधीची कळी), फुलोरा, मणी सेटिंग, विरळणी, पाणी उतरणे (मणी मऊ पडून पिकू लागणे), काढणी. चर्चासत्र झाल्यावर त्याच रात्री उजव्या भागातील ओळी मी या वहीत ज्या त्या अवस्थेच्या पानावर नेऊन लिहितो. हे काम वीस मिनिटांचे आहे आणि ते त्याच रात्री झाले पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेल्यावर कामगार, पाणी आणि वीज यांच्या धबडग्यात आदल्या दिवशीच्या अटी पुसट होतात. पुढे ती अवस्था आली की ते पान आपोआप समोर येते, आणि दोन वर्षांपूर्वी ऐकलेले व गेल्या महिन्यात ऐकलेले एकाच पानावर शेजारी दिसते.

आकडे लिहिताना एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वक्ता कधी एकरी बोलतो, कधी हेक्टरी, आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरी मात्रा एकरावर टाकली गेली तर वेलीवर अडीचपट मारा होतो. मण्यांची वाढ करणाऱ्या जिबरेलिक आम्लाबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. १०० लिटर पाण्यात एक ग्रॅम क्रियाशील घटक म्हणजे १० पीपीएम (दशलक्षात दहा भाग), हे गणित पाठ असावे, आणि पुडीवर लिहिलेले क्रियाशील घटकाचे प्रमाण पाहून तिचे वजन ठरवावे, कारण पुडीतले सगळेच वजन क्रियाशील घटकाचे नसते. औषधांच्या बाबतीत व्यापारी नावाबरोबर तांत्रिक नाव लिहा. एका चर्चासत्रात सांगितलेले एक नाव आणि दुसऱ्यात सांगितलेले दुसरे नाव यांच्या डब्यांत घटक एकच होता आणि आठ दिवसांच्या अंतराने तोच पुन्हा फवारला गेला, असे आमच्या गटात घडले आहे. बुरशीत प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचे हे एक कारण आहे आणि काढणीच्या वेळी अवशेष वाढण्याचेही.

काही मात्रा तर अटीशिवाय लिहूच नयेत. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतो. त्याची मात्रा त्या दिवसांतील तापमानावर आणि काडीच्या जाडीवर ठरते. उष्ण दिवसांत सांगितलेली मात्रा थंडीत छाटलेल्या बागेला कमी पडते, आणि थंडीसाठी सांगितलेली मात्रा उन्हाच्या दिवसांत बारीक काडीवर लावली तर डोळे जळू शकतात. मात्रेचा आकडा लिहिला आणि तापमान लिहिले नाही, तर ती नोंद नसलेली बरी.

बोलणारा कोण आहे याचीही नोंद पानाच्या डोक्यावर असू द्या. संशोधन केंद्रातील वक्ता प्रयोगाच्या आधारे बोलतो, पण त्याचा प्रयोग एका विशिष्ट जमिनीत, विशिष्ट वाणावर झालेला असतो, म्हणून त्याला प्रयोगाची जागा व वर्षे विचारावीत. कंपनीचा प्रतिनिधी आपल्या उत्पादनाविषयी बोलतो. त्यात वाईट काही नाही, आणि अनेकदा त्यांच्याकडे बागांमधील ताजी निरीक्षणे असतात, परंतु त्या उत्पादनाला द्राक्षावर लेबल क्लेम (त्या पिकावर वापरण्याची अधिकृत नोंद) आहे का, काढणीपूर्वी किती दिवस थांबावे लागते आणि न फवारलेल्या ओळीचे छायाचित्र आहे का, हे तीन प्रश्न त्याला विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नये. प्रगतशील बागायतदाराचे बोलणे मला सर्वांत जवळचे वाटते, पण त्याचा यशस्वी प्लॉट आपण पाहत असतो. त्याला मी नेहमी विचारतो की हेच काम तुमच्या कोणत्या प्लॉटमध्ये जमले नाही. त्या उत्तरात जेवढे शिकायला मिळते तेवढे उरलेल्या तासाभरात मिळत नाही.

प्रश्न कसा विचारावा, यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ऑनलाइन चर्चासत्रात आपला खरा वाटा तेवढाच असतो. शेवटी वीस मिनिटे असतात आणि खाली शंभर प्रश्न साचलेले असतात. 'पाने पिवळी पडत आहेत, काय करावे?' असा प्रश्न निवेदक उचलतही नाही आणि उचलला तरी वक्त्याला त्याचे उत्तर देता येत नाही, कारण पिवळेपणाला दहा कारणे असतात. तोच प्रश्न असा लिहा : 'थॉम्पसन वाण, डॉगरिज खुंट, ९ बाय ५ फूट अंतर, चुनखडीयुक्त मध्यम जमीन, बाग ७ वर्षांची, १२ ऑक्टोबरची छाटणी, आज ३८ वा दिवस. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पाने चांगली. पानाच्या देठाचे परीक्षण झाले आहे. लोहाची फवारणी एकदा केली, फरक थोडा. जमिनीतून द्यावे का आणि कोणत्या स्वरूपात?' असा प्रश्न आला की वक्ता थेट मुद्द्यावर येतो. पिवळेपणा नव्या पानांत आहे की जुन्या, शिरांच्या मधे आहे की कडांना, यावरूनच निदानाची दिशा ठरते : कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर लोहाकडे लक्ष जाते, जुन्या पानांत शिरांच्या मधे पिवळेपणा असेल तर मॅग्नेशियमकडे, आणि जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत असतील तर पालाशाकडे (पोटॅशकडे) किंवा पाण्यातील क्षारांकडे. हे वर्णन प्रश्नातच असेल तर अर्धे उत्तर तुमच्याकडूनच गेलेले असते.

यासाठी बागेची ओळख सांगणाऱ्या सात-आठ ओळी मोबाइलमध्ये आधीच लिहून ठेवा, म्हणजे चर्चासत्र चालू असताना फक्त दिवस आणि लक्षण बदलून प्रश्न पाठवता येतो. माती, पाणी आणि देठ परीक्षणाचे अहवाल समोर ठेवून बसा. प्रश्न शेवटी पाठवण्याऐवजी त्या मुद्द्यावर वक्ता बोलत असतानाच पाठवा. निवेदक तो वेगळा काढून ठेवतो. प्रश्नांसाठी स्वतंत्र चौकट दिलेली असेल तर तिथेच लिहा, कारण गप्पांच्या चौकटीत नमस्कार आणि अभिनंदनाच्या ओघात प्रश्न वर सरकून जातो. छायाचित्र पाठवायला सांगितले तर पानाच्या दोन्ही बाजूंचे पाठवा : डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला दिसते आणि वरच्या बाजूला फक्त तेलकट पिवळा डाग असतो, त्यामुळे एकाच बाजूच्या छायाचित्रावरून केलेले निदान फसू शकते. ते छायाचित्र सकाळी लवकर काढा, कारण दव असताना ही वाढ जास्त स्पष्ट दिसते.

परदेशातील चर्चासत्रे आता आपल्याला सहज ऐकता येतात आणि तरुणांचा ओढा तिकडे आहे, हे मला दिसते. ती जरूर ऐकावीत. परंतु तिथे प्रत्येक वाक्याची अट तपासणे इथल्यापेक्षा अधिक आवश्यक आहे. युरोपात किंवा कॅलिफोर्नियात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. आपल्याकडे ती सुप्तावस्था नाही, म्हणून आपण एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतो. त्यामुळे त्यांनी सांगितलेले महिने आपल्या कामाचे नाहीत. वेलीची अवस्था कोणती हे विचारून ते आपल्या छाटणीच्या दिवसांत बदलून घ्यावे लागते. डाऊनीच्या पहिल्या लागणीसाठी युरोपात तीन दहांचा एक जुना नियम सांगतात : किमान १० अंश तापमान, १० मिलिमीटर पाऊस आणि १० सेंटिमीटर लांबीची फूट. तिथल्या वसंत ऋतूत तापमानाची अट फार मोलाची आहे. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये ती अट जवळपास रोजच पूर्ण झालेली असते, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा वापरणाऱ्याला फार काही कळत नाही. आपल्याला पावसाबरोबर पान किती तास ओले राहिले, दव किती पडले आणि फूट किती कोवळी आहे याकडे पाहावे लागते. वेळेचे एक लहानसे सांगून ठेवतो : कॅलिफोर्नियातील सकाळी नऊचे सत्र आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला सुरू होते, पण तिथली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, आणि तेव्हापासून मार्चपर्यंत तेच सत्र साडेदहाला येते.

रेकॉर्डिंगवर विसंबून प्रत्यक्ष चर्चासत्र चुकवू नये, कारण प्रश्न विचारण्याची संधी जाते; तरीही रेकॉर्डिंग ही ऑनलाइन चर्चासत्राची मोठी देणगी आहे. वहीत मुद्द्यापुढे मिनिट लिहून ठेवा, म्हणजे पुढे दीड तासातली नेमकी तीन मिनिटे पुन्हा ऐकता येतात. मात्र जुने रेकॉर्डिंग उघडताना आधी तारीख पाहा. कीडनाशकांच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीचे बरोबर उत्तर आज चूक असू शकते. २०१० साली आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढरोधकाच्या, अवशेषांवरून अडकले आणि अनेक घरांचे वर्षाचे गणित कोलमडले. आमच्या पिढीने तो हंगाम विसरलेला नाही. डाऊनीसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या मॅन्कोझेबची मान्यता युरोपीय संघाने २०२० साली पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याआधीच्या कितीतरी उत्तम चर्चासत्रांतील वेळापत्रके निर्यातदाराच्या दृष्टीने तपासून घेण्याजोगी झाली. म्हणून रेकॉर्डिंगमधून वेलीचे शरीरशास्त्र, छाटणी, कॅनॉपी, पाणी, विरळणी हे शिकावे, आणि औषधांची नावे, अवशेषांच्या मर्यादा व थांबण्याचे दिवस यांसाठी त्या हंगामाचे अनेक्शर ५ (निर्यातीच्या द्राक्षांसाठी औषधांची अधिकृत यादी) उघडून पाहावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या तुकड्यांविषयीही हीच चिंता आहे. तो तुकडा खराच त्या शास्त्रज्ञाचा असतो, पण त्यातून आधीची अट आणि नंतरचा इशारा कापला गेलेला असतो. असा तुकडा आला तर मूळ पूर्ण सत्र शोधा, आणि ते सापडत नसेल तर त्यावर फवारणी ठरवू नका.

एकट्याने ऐकण्यापेक्षा चार-पाच जणांनी एकत्र ऐकावे, असा माझा आग्रह आहे. आमच्याकडे एका घरी टीव्हीला मोबाइल जोडून पाच जण बसतात. सत्र संपल्यावर अर्धा तास थांबतो आणि प्रत्येक जण आपल्या बागेत यातले काय लागू पडते व काय पडत नाही, ते सांगतो. एकाच वाक्याचे पाच जणांनी पाच अर्थ घेतलेले त्या अर्ध्या तासात उघड होतात. मंगल कार्यालयातली पंगत गेली म्हणून मी सुरुवातीला म्हटले, तिची जागा या अर्ध्या तासाने बऱ्याच अंशी भरून काढता येते. आणि यात घरातील स्त्रियांना बसवा. शेंडा खुडणे, फेलफुटी (नको असलेल्या फुटी) काढणे, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) ही कामे प्रत्यक्षात त्या करतात किंवा मजूर स्त्रियांकडून करून घेतात, पण चर्चासत्राला बसतो घरातला पुरुष, आणि घडावर किती मणी ठेवायचे ते तो रात्री ऐकून सकाळी दोन वाक्यांत सांगतो. माझ्या पत्नीने विरळणीवरचे एक सत्र पहिल्यांदा पूर्ण पाहिले, तेव्हा तिने कात्री कोणत्या कोनात धरायची आणि घडाच्या कोणत्या पाकळ्या (उपशाखा) आधी काढायच्या, याविषयी असे प्रश्न काढले जे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. त्या हंगामात आमची विरळणीची दुसरी फेरी वाचली. आता विरळणीआधी त्या विषयावरचा निवडक भाग आम्ही कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना बांधावरच दाखवतो.

ऐकलेले लगेच पूर्ण बागेवर करू नका. दोन ओळी निवडा, कडेच्या नव्हे, मधल्या. कडेच्या ओळींवर धूळ, वारा आणि ऊन यांचा परिणाम वेगळा असतो. त्या ओळींना रंगीत फिती बांधा, शेजारच्या दोन ओळी नेहमीच्या पद्धतीने चालू ठेवा, आणि दोन्हीकडच्या दहा-दहा वेलींवर ठरलेल्या दिवशी मोजणी करा : फुटवे किती, घड किती, भुरी रोग लागलेले मणी किती, काढणीला वजन किती. रोगनियंत्रणाची तुलना असेल तर शेजारच्या ओळी उघड्या सोडून बाग धोक्यात घालू नये. तिथे नेहमीचे संरक्षण चालू ठेवूनच तुलना करावी. एका हंगामात दोनपेक्षा जास्त गोष्टी अशा तपासायला घेतल्या तर मोजणी होत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. यावरूनच किती चर्चासत्रे ऐकावीत याचे उत्तर मिळते. वर्षाला वीस फार झाली. खरड छाटणीनंतरच्या, म्हणजे एप्रिल छाटणीनंतरच्या, मोकळ्या काळात महिन्याला दोन आणि ऑक्टोबर ते जानेवारी या धावपळीत फक्त त्या क्षणी लागणाऱ्या विषयाची, एवढी पुरतात. सहभागाचे प्रमाणपत्र मिळते म्हणून सत्र सुरू करून मोबाइल खिशात ठेवून बागेत फिरणे, हे आजकाल अनेक जण करतात. त्याऐवजी तो तास बागेतच लक्ष देऊन घालवलेला बरा.

राहिला तुमच्या तीन वह्यांचा प्रश्न. त्या टाकू नका. ऑक्टोबर छाटणीला अजून सहा-सात आठवडे आहेत. रोज रात्री चार-पाच पाने घेऊन बसा. ज्या ओळीपुढे अट लिहिलेली आहे किंवा खात्रीने आठवते, तीच ओळ नव्या वहीत अवस्थेच्या पानावर उतरवा. जिची अट आठवत नाही ती त्या सत्राचे रेकॉर्डिंग उपलब्ध असेल तर शोधून ऐका, नसेल तर पेन्सिलीने खोडा आणि तिच्याविषयी मनात शंका ठेवू नका. माझा अंदाज आहे की तीन वह्यांतून पंधरा-वीस पानेच उरतील. त्यातून पेस्टिंगपासून फुलोऱ्यापर्यंतच्या काळासाठीच्या दोन गोष्टी निवडा, फिती आताच आणून ठेवा, आणि ज्या चार ओळींवर ते करायचे आहे त्यांच्या वेलींच्या काड्यांची जाडी छाटणीपूर्वी मोजून पहिल्या पानावर लिहा.